थंडीतले क्रेटर

बाबर साहेबांनी टेबलावर एक दांडा आपटला आणि म्हणाले, "बघा मॅडम. परत."

तो दांडा म्हणजे मोटरसायकलवर मागे बसणाऱ्याने धरायची ग्रॅब रेल. काळी कुळकुळीत. लांबून बघितली तर झकास. मी चष्मा चढवला, खिडकीपाशी गेले आणि रेल उलटी केली. खालच्या अंगाला मोहरीएवढे खळगे होते.

"क्रेटर," मी म्हणाले.

"ते मलापण दिसतंय. का आले ते सांगा. पावडर तुमची आहे."

हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की झोपेत कुणी म्हणालं तरी सॅम्पलची पिशवी बाहेर काढेन. मी पावडर कोटिंगची पावडर बनवणाऱ्या कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला आहे. म्हणजे पावडर विकतात सेल्सवाले आणि बोलणी खाते मी. राहायला तळेगावात. तिथून चाकण, तळवडे, भोसरी असा माझा फेरा चालू असतो. बाबर साहेबांचा कारखाना निघोज्याच्या जरा पुढे आहे आणि त्यांची लाइन उभी राहिली त्या दिवसापासून त्यावर आमचीच पावडर चालते.

पावडर कोटिंग म्हणजे फार अवघड काही नाही. लोखंडाचा भाग स्वच्छ धुवायचा. त्यावर विजेच्या जोरावर रंगाची कोरडी पूड चिकटवायची. मग तो भाग ओव्हनमध्ये, म्हणजे एका लांबलचक भट्टीत, भाजायचा. भाग हुकांना लटकलेले असतात, हुक साखळीला असतात, साखळी हळूहळू फिरते. एका तोंडाने माल आत शिरतो, वीसेक मिनिटांनी दुसऱ्या तोंडाने बाहेर येतो. आत पूड वितळते, पसरते आणि कडक होते. हे चालू असताना तिच्यावर तेलाचा बारीकसा अंश जरी पडला तरी वितळलेली पूड तिथून बाजूला सरते आणि खळगा राहतो. तोच क्रेटर. थोडक्यात, क्रेटर दिसला की तेल शोधायचं.

एवढ्यावर कुणाचं काही बिघडलं नसतं, पण रेल विकत घेणाऱ्या कंपनीने दिवाळीनंतर नवा माणूस नेमला होता. नारखेडे साहेब. मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, तयार माल तपासायचे आणि नापास असेल तर तांबडं स्टिकर लावून जायचे. माणूस यावल तालुक्यातला, बायकामुलं गावी, स्वतः मोशीला फ्लॅटमध्ये एकटे. वागायला सरळ, पण हसणं जपून वापरायचे. दिसेल त्या वस्तूबद्दल त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. हे कुठून आलं? कोणी दिलं? पुरावा काय? दुपारी कॅन्टीनमध्ये जेवायचे तेही स्वतः कूपन विकत घेऊन. व्हेंडरच्या चहालासुद्धा हात लावत नसत.

आणि आता या नारखेडे साहेबांनी सांगून टाकलं होतं की पुढच्या शुक्रवारचा लॉट खराब निघाला तर ग्रॅब रेलचं काम तळवड्याच्या दुसऱ्या व्हेंडरला देण्याची शिफारस ते करणार. तसं झालं तर बाबर साहेबांची दुसरी शिफ्ट बंद पडणार होती. चाळीस माणसं घरी. माझ्या बॉसनेही फोनवर गोड आवाजात सुचवलं होतं, "हे गिऱ्हाईक गेलं तर पुण्यात तुझ्यासारखीची गरज उरत नाही गं. बद्दीला जागा आहे. हिमाचल छान आहे." माझी मुलगी दहावीला होती. मला हिमाचल सुट्टीपुरतंच छान वाटतं.

मी कामाला लागले. पहिला संशयित नेहमी कॉम्प्रेसर. पूड उडवायला दाबाची हवा लागते आणि कॉम्प्रेसर म्हातारा झाला की हवेबरोबर तेल सोडतो. हवेच्या नळीपुढे पांढरंशुभ्र फडकं धरलं. डाग नाही. मग धुण्याच्या टाक्या पाहिल्या. ठीक. मग साखळीचं वंगण. तेही ठीक. आमची पावडर प्रयोगशाळेत पाठवली, ती तर पास होऊन वर कौतुक घेऊन आली.

मग मी लाइन सुपरवायझरला गाठलं. दत्ताभाऊ येळवंडे. निघोज्याच्याच जुन्या घरातले. अर्धी जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या अर्ध्यात भाजीपाला करतात आणि शिफ्टला येतात. लाइनवर त्यांचा शब्द चालतो.

"दत्ताभाऊ, आठवून सांगा. क्रेटर सुरू झाले त्या आठवड्यात काय बदललं?"

"काय बी बदललं न्हाई मॅडम."

"माणसं? मशीन? माल? पद्धत?"

"माणसं तीच, मशीन तीच. आमी हाय तसंच करतोय."

गंमत अशी की मी लाइनवर उभी राहून माल काढला की एकही क्रेटर यायचा नाही. मी गेले की यायचे. बॉस म्हणाला, "मग तू तिथेच का नाही राहत?" बाबर साहेबांचं निदान निराळं होतं. ते मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, तो नारखेडे येतो त्याच दिवशी क्रेटर येतात. बाकी चार दिवस माल बघा, आरसा. नजर आहे त्या माणसाची." आणि खरंच ओव्हनच्या तोंडावर त्यांनी लिंबू-मिरची टांगली होती. ती मी काढायला लावली. तेल शोधत असताना मला तिथे लिंबाच्या सालीचं तेलही नको होतं. बाबर साहेब दुखावले. विज्ञानाला श्रद्धेचं काही नाही, म्हणाले.

नजरेची गोष्ट मी हसण्यावारी नेली. त्यात अर्धं सत्य होतं हे मला कळायला एक मटण थाळी लागली.

बाबर साहेबांची एक पद्धत आहे. कुठलीही कंप्लेंट ते जेवायला नेऊन मिटवतात आणि तिचं वजन हॉटेलवरून ओळखावं. किरकोळ तक्रार असेल तर मिसळ. लॉट परत आला तर हायवेवरची थाळी. लाइन बंद पडायची वेळ आली तर चिंचवडच्या बड्या हॉटेलातला बुफे, जिथे वेटर आपल्यापेक्षा चांगले कपडे घालतात. त्या मंगळवारी आम्ही थाळीच्या पायरीवर होतो. नारखेडे साहेबांनी आधीच बजावलं, "मी येईन, पण माझं बिल मी देणार." बाबर साहेबांनी मान डोलावली. चौघं निघालो: ते दोघं, मी आणि दत्ताभाऊ.

हॉटेलचं नाव सांगत नाही, उगाच गर्दी वाढेल. बाहेर प्लास्टिकची बैलजोडी, आत गेल्यावर मात्र खरी चूल. डिसेंबरातली दुपार होती. आम्ही अंगणातलं टेबल धरलं. पाठीवर ऊन, समोर वाफ. काळ्या मसाल्याचं मटण, वाटीत लालभडक तर्री, बाजरीची भाकरी तव्यावरून थेट ताटात आणि शेवटी इंद्रायणीचा मऊ भात. बोटं भाजत होती, तरी भाकरी सोडवत नव्हती. पहिल्या घासाला माझे कान गरम झाले, दुसऱ्याला बद्दी विसरले. वाढणारा तिसऱ्यांदा रस्सा घेऊन आला तेव्हा मी वाटी स्वतः पुढे केली. मी कामानिमित्त पुष्कळ ठिकाणी जेवते, पण असं जेवण हिवाळ्यात एखाद्याच दिवशी जमतं. नाक गळत होतं आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती.

नारखेडे साहेबांनी मटण घेतलं नाही. मेनूत वांग्याचं भरीत दिसलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. मागवलं. आलं ते लालसर, टोमॅटो घातलेलं, वरून क्रीमची नक्षी. साहेबांनी चमच्याचं टोक लावून चव घेतली आणि वाटी हळूच बाजूला सारली.

"आमच्याकडे भरतात टोमॅटो घालणाऱ्याला पंगतीतून उठवतात," ते म्हणाले. विनोद होता की धमकी, कळेना. मग बाबर साहेबांकडे वळून म्हणाले, "तुमचा माल कसाही असो, तुमच्या कॅन्टीनच्या भरतापुढे हे काहीच नाही."

बाबर साहेब खुलले. "हो का?"

"वांगं देठापासून बुडापर्यंत सारखं भाजलेलं असतं. कुठे कच्चं नाही, कुठे करपलेलं नाही. प्रत्येक वेळी तेच. प्रोसेस कंट्रोल म्हणतात तो हा. तुमच्या कोटिंगवाल्यांनी त्या आचाऱ्याकडून शिकावं."

दत्ताभाऊंना ठसका लागला. चांगला जोराचा. डोळ्यांतून पाणी आलं, पाणी प्यायले, पुन्हा ठसका.

"तर्री तिखट हाय," ते म्हणाले.

ज्या माणसाने आत्ताच ताटात हिरवी मिरची चावून खाल्ली होती त्याला तर्री तिखट लागावी, हे मला पटलं नाही. शिवाय मी बाबर साहेबांच्या कॅन्टीनमध्ये जेवलेली आहे. तिथे चूलच नाही. जेवण भोसरीहून टेम्पोतून डब्यांत येतं आणि त्यात आठवडाभर बटाटा वेगवेगळ्या नावांनी भेटतो. भरीत? तेही सारखं भाजलेलं?

मी उरलेला भात संपवला.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. हिवाळ्यात इंद्रायणी ओलांडून स्कूटरवरून तळेगावात शिरताना थंडी हातमोज्यांतून आत येते. आमच्याकडे अशा दिवशी सासूबाई शेंगोळे करतात. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, पीठ घट्ट मळायचं, हाताने वळकट्या करायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. दिसायला काहीच नाही. तपकिरी पाण्यात तपकिरी वेटोळी. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा ताटात बघून घाबरले होते. आता मात्र थंडी पडली की माझी जीभ आपणहून त्यांची वाट बघते. दुपारच्या थाळीवर माझं प्रेम आहे, पण ती खाताना पोट सावरून बसावं लागतं. शेंगोळ्यांचा वाडगा घेतला की मी पाय पोटाशी घेऊन कशीही बसते, कुणी काही म्हणत नाही.

दोन वाडगे झाल्यावर मी विचारलं, "आई, भरताचं वांगं भाजताना तुम्ही काय करता?"

"काय करायचंय? टोचे मारायचे, तेलाचा हात फिरवायचा आणि गॅसवर ठेवायचं."

"तेल कशाला?"

"साल सुटतं नीट. एवढं शिकलीस आणि वांगं भाजता येत नाही तुला?" मग स्वतःच म्हणाल्या, "उद्या आणते मोठी वांगी. चंपाषष्ठी होऊन गेली, आता मोकळं आहे."

माझा हात वाडग्यातच थांबला. आमच्याकडे, आणि चाकण-मावळातल्या खंडोबाच्या बहुतेक घरांत, चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वांग्याला सुरुवात. मी उठून फोनवर पहिल्या नापास लॉटची तारीख बघितली. चंपाषष्ठीनंतरचा पहिलाच मंगळवार. काय बी बदललं न्हाई म्हणे!

शुक्रवारी मी न सांगता गेले. नेहमी सकाळी दहाला जाते आणि गेटवरून फोन करते. त्या दिवशी फोन केला नाही. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी मागच्या स्क्रॅपयार्डच्या बाजूने शेडमध्ये शिरले आणि ओव्हनच्या बाहेरच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

साखळी फिरत होती. रेल आली. रेल आली. रेल आली. मग वांगं आलं.

चांगलं दोन हातांत मावेल असं, देठाला तार बांधून हुकावर लटकवलेलं, साल तडकलेलं, चकचकीत. त्यामागून दुसरं. अशी आठ वांगी एका ओळीत, ग्रॅब रेलच्या शिस्तीत, भट्टीतून बाहेर आली. साहेबी थाटात डुलत. खाली फरशीवर तेलकट रस टपकत होता, आणि त्याच तेलाची वाफ आत रेलवर बसत होती. आणि वास! इतका खमंग वास मी कुठल्याही कारखान्यात घेतलेला नाही. लाज वाटते, पण आधी भूक लागली आणि मग राग आला.

दत्ताभाऊ हातात पक्कड आणि स्टीलचं पातेलं घेऊन वांगी उतरवायला पुढे आले आणि मला बघून जागेवर थिजले.

"दत्ताभाऊ, हे काय?"

"वांगी हायेत मॅडम."

"ते कळलं. ओव्हनमध्ये काय करतायत?"

"भाजतायत."

खोटं बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पातेलं खाली ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. नारखेडे साहेब आले ते कडक. काय केलं तर हा माणूस मऊ पडेल, यावर लाइनवर चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं, खानदेशी माणूस, भरीत घाला. चंपाषष्ठी झाली, शेतात वांगी तयार होती. भाजायची कुठे? तर दोनशे डिग्रीचा ओव्हन डोळ्यांसमोर फिरत होता. कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे, कोथिंबीर घरून आणायची, स्टोअरमध्ये बसून कुटायचं आणि कॅन्टीनच्या वाढप्याकडून साहेबांच्या ताटात गुपचूप सोडायचं. साहेब कूपन देऊन खायचे, त्यांना वाटायचं मेनूच आहे.

"आणि मी येते तेव्हा?"

"तवा आमी वांगी लावत न्हाई. तुमी पेंटवाल्या. तुमाला लगीच कळलं असतं."

"पण मग माल खराब होतोय हे तुमच्या लक्षात नाही आलं?"

"न्हाई ना! आमी पयल्यांदा दोनच लावली व्हती. सायेब खूश झाले. पण लॉट रिजेक्ट. आमी म्हणलं, पोट भरलं नसंल. मंग चार लावली. तरी रिजेक्ट. मंग सहा. आता ऑर्डरच चालली म्हणल्यावर आज आठ लावली. आन् तेल बी जरा सढळ हातानं."

मी शेजारच्या रॅकला टेकले. साहेबांना खूश करायला वांगी, वांग्यांमुळे क्रेटर, क्रेटरमुळे साहेब नाराज आणि नाराज म्हणून आणखी वांगी. माझ्या नोकरीत मी पुष्कळ बिघाड पाहिले, पण बिघाडाला इतकं प्रेमाने वाढवणारी माणसं पाहिली नव्हती.

"हे कुणीही खायचं नाही," मी म्हणाले. "पावडर भाजताना ओव्हनमध्ये जो धूर असतो तो पोटात जायच्या लायकीचा नसतो. इतके दिवस साहेबांना काय खाऊ घातलंत तुम्ही!"

दत्ताभाऊंचा चेहरा उतरला. ऑर्डरचं ऐकून उतरला नव्हता इतका. "मॅडम, आईशप्पत, आमी वाईट म्हणून न्हाई केलं."

ते मला माहीत होतं. तेवढंच तर अवघड होतं.

आमच्या कामात एक नियम आहे. दोष मुद्दाम पुन्हा घडवून दाखवता आला तरच कारण पक्कं. म्हणून बाबर साहेबांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर दोन फेऱ्या घेतल्या. एकदा वांग्यांसकट, एकदा वांग्यांशिवाय. पहिल्या फेरीत रेलवर क्रेटर. दुसरीत आरसा. बाबर साहेबांनी दोन्ही रेल खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून बघितल्या.

"रिपोर्टात कॉम्प्रेसर लिहा," ते शेवटी म्हणाले.

"कॉम्प्रेसर निर्दोष आहे."

"तो बोलायला येणार आहे का? मॅडम, विचार करा. त्या माणसाला काय सांगायचं? तुमच्याच भरतामुळे तुमचाच माल नापास झाला? प्रॉडक्शनच्या ओव्हनमध्ये स्वयंपाक! ऑर्डर तळवड्याला जाईल आणि हसू साऱ्या चाकणमध्ये होईल."

मलाही मोह झाला, नाही असं नाही. पण कॉम्प्रेसर लिहिला तर पुढच्या चंपाषष्ठीनंतर वांगी परत येणार आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नसणार. शिवाय त्या माणसाला तो काय खात होता हे कळायला हवं होतं. मी म्हणाले, मी सांगते.

दुपारी मीटिंग बसली. नारखेडे साहेब, बाबर साहेब, दत्ताभाऊ आणि मी. दोष का आला हे शोधायला पाचदा 'का' विचारायचं आणि फळ्यावर लिहायचं, अशी रीत असते. मी मार्कर घेतला.

क्रेटर का? तेलामुळे. तेल कुठून? ओव्हनमधून. ओव्हनमध्ये तेल का? वांगी भाजली म्हणून.

नारखेडे साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. फळ्यावरचं 'वांगी' तसंच होतं.

"वांगी का?" त्यांनी विचारलं.

"साहेब, पुढचं तोंडी सांगितलं तर चालेल?"

"का-का विश्लेषण तोंडी नसतं. लिहा."

मी लिहिलं: ग्राहकाच्या प्रतिनिधींना भरीत आवडतं म्हणून.

डिसेंबरातही खोलीत पंखा फिरत होता, तो कुणी लावला होता देव जाणे. बाबर साहेब छताकडे बघत होते. दत्ताभाऊ उभेच राहिले. "सायेब, चूक माजी हाय. बाकी पोरांवर ठेवू नका. शिफ्ट बंद करू नका. मला काय ते करा."

साहेबांनी त्यांना हाताने बसायला सांगितलं. त्यांनी फळ्यावरच्या ओळी बोटाने मोजल्या. मग म्हणाले, "चारच झाले. पाचवा राहिला."

मी पुन्हा मार्करचं टोपण काढलं.

"मी सांगतो," ते म्हणाले. "भरीत आवडतं का? कारण घर लांब आहे. लिहा."

मी लिहिलं. माझं अक्षर जरा वाकडं आलं.

मग ते हळूहळू बोलू लागले. "मी बोल्टचासुद्धा जन्मदाखला मागतो. हे कुठून आलं, कोणी दिलं, पुरावा काय. इतक्या वेळा ते भरीत ताटात आलं. एकदाही विचारलं नाही. विचारावंसंच वाटलं नाही. मंगळवार आणि शुक्रवार कधी येतो याची वाट बघायचो." थांबून म्हणाले, "बाबर साहेब, नियमाने ही गंभीर चूक आहे आणि मी ती जशीच्या तशी लिहिणार. पण तुमची ऑर्डर काढायची शिफारस मी आता करू शकत नाही. ठेवायचीही करू शकत नाही. दोषाच्या कारणात माझं नाव आहे. निकाल दुसऱ्याने द्यायला पाहिजे."

त्यांनी तिथूनच आपल्या मॅनेजरला फोन लावला आणि एकही शब्द न लपवता सगळं सांगितलं. पलीकडच्याला खरं वाटलं नसावं, कारण साहेब दोनदा म्हणाले, "हो सर, वांगी. खायची."

ओव्हन आतून धुऊन काढला. हुक जाळून साफ केले. नारखेडे साहेबांनी स्वतः डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या करून घेतल्या, सुदैवाने काही निघालं नाही. त्यांच्या जागी दुसरा इन्स्पेक्टर आला. तो घरून पोळीभाजीचा डबा आणायचा आणि गाडीत बसून खायचा. लाइनवरच्या माणसांनी त्याच्याकडे डोळा वर करूनसुद्धा बघितलं नाही. लॉटमागून लॉट पास झाले. ऑर्डर राहिली, दुसरी शिफ्ट राहिली, मी तळेगावात राहिले. बॉसने अभिनंदन केलं आणि बद्दीचा विषय जसा काढला होता तसाच गोड आवाजात मागे घेतला.

जानेवारीत दत्ताभाऊंनी नारखेडे साहेबांना फोन केला. "सायेब, आता तुमी आमचं इन्स्पेक्टर न्हाई. आता पाव्हणं म्हणून याया काय हरकत हाय?" साहेबांनी नियम आठवून बघितले असावेत. यात हरकत सापडली नाही. रविवारी ते आले, बायको आणि दोन्ही मुलांना घेऊन. ती सगळी सुट्टीसाठी यावलहून आली होती. मलाही बोलावणं होतं, आणि खाण्याचं बोलावणं मी मोडत नाही.

शेतात तुराट्यांचा जाळ केला होता. साहेबांनी दत्ताभाऊंना बाजूला सारलं, बाह्या दुमडल्या आणि वांगी स्वतः भाजायला बसले. तेल लावू दिलं नाही. आमच्याकडे नाही लावत, म्हणाले. डोळ्यांत धूर गेला, राख नाकाला लागली, बायको हसायला लागली. दत्ताभाऊंच्या घरच्यांनी बाजरीच्या भाकरी थापल्या. पातीचा कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून कच्चं तेल. ऊन उतरायला आलं तरी पंगत उठेना. धाकट्या मुलाने बापाच्या मांडीवर बसून बापाच्या ताटातलं खाल्लं आणि साहेब, देवाशप्पथ, चक्क सगळ्यांसमोर रडले. मग धूर आहे म्हणाले. जाळ केव्हाच विझला होता, पण कुणी पुरावा मागितला नाही.

त्यांच्या खरेपणाचा एक परिणाम मात्र कुणी धरला नव्हता. त्यांच्या कंपनीने सगळ्या व्हेंडरना सूचना पाठवली की उत्पादनाच्या भट्टीत खाद्यपदार्थ शिजवू, भाजू वा गरम करू नयेत. मला वाटलं लोक हसतील. कुणीच हसलं नाही. दोन दिवस माझा फोन वाजत राहिला. भोसरीच्या एकाने विचारलं, नुसते डबे गरम केले तर चालतात का? तळवड्याच्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याने बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी आवाज खाली केला. "मॅडम, रताळ्यांना तर तेल लागत नाही ना?"

तेव्हापासून मी एक बदल केलाय. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत जे चालतं ते कुठल्याच चार्टवर येत नसतं. म्हणून हल्ली मी प्लांटला सकाळी दहाला जात नाही, बरोबर जेवणाच्या वेळेला जाते. बिघाड लवकर सापडतो, आणि थंडीचे दिवस असले तर जेवणही बरं मिळतं.